उइगुर बंदिवानांच्या सुटकेसाठी झटू इच्छिणाऱ्यांस

ग्वांतानामोच्या तुरुंगात अमेरिकेने डांबून ठेवलेल्या, चीनच्या शिनजियांग प्रांतातील मुस्लिम उइगुर समाजाच्या बावीस पुरुषांपैकी शेवटचे तिघे २०१३ च्या डिसेंबर महिन्यात स्लोव्हाकियाला रवाना झाले, तेव्हा त्यांच्या कैदेला अकरा वर्षांहून अधिक काळ लोटला होता. आणि या माणसांशी आपले काही वैर नाही, ही गोष्ट त्यांना धरून ठेवणाऱ्या सरकारच्याच दप्तरी त्यापूर्वी कित्येक वर्षे नमूद झालेली होती. २००१ च्या अखेरीस अफगाणिस्तानातील बॉम्बवर्षावातून पळून डोंगरापलीकडे पाकिस्तानात उतरलेल्या या निर्वासितांपैकी बहुतेकांना बक्षिसाच्या लोभाने पकडून अमेरिकी सैन्याच्या हवाली करण्यात आले होते. २००५ साली एका न्यायाधीशाने त्यांतील दोघांची कैद बेकायदेशीर ठरविली, पण सुटकेचा हुकूम देण्याचा अधिकार आपणांस नाही असेही त्याच निकालात लिहिले. २००८ च्या जूनमध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने एका बंद्याविरुद्धचा सरकारी पुरावा तपासून तो टिकत नाही असे स्पष्ट सांगितले. त्याच वर्षी ७ ऑक्टोबरला न्यायमूर्ती रिकार्डो उर्बिना यांनी उरलेल्या सतरा जणांना अमेरिकेतच मोकळे सोडण्याचा हुकूम दिला, आणि तो हुकूमही काही महिन्यांतच वरच्या न्यायालयाने रद्द केला. चीनला परत पाठवावे तर छळ होणार, आणि ठेवून घ्यावे तर अमेरिका तयार नाही, अशा पेचातून त्यांना अखेर सोडविले ते अल्बानिया, बर्म्युडा, पलाऊ, स्वित्झर्लंड, एल साल्वादोर आणि स्लोव्हाकिया या सहा मुलखांनी. ज्या पलाऊने सहा जणांना आसरा दिला त्या बेटराष्ट्राची सारी वस्ती तेव्हा सुमारे २०,००० होती.

हा इतिहास प्रथम सांगितला तो अशासाठी की, अन्यायाने कोंडलेल्या माणसाच्या सुटकेसाठी झटू पाहणाऱ्याने आरंभीच हे मनाशी पक्के धरावे : निर्दोषत्व सिद्ध झाले एवढ्याने तुरुंगाचे दार उघडत नाही. ते उघडते, त्या एका माणसाचे नाव, त्याची हकिगत आणि सुटल्यावर त्याला जाण्याजोगी जागा या गोष्टी कोणीतरी वर्षानुवर्षे अधिकाऱ्यांच्या नजरेआड होऊ दिल्या नाहीत तर. बॉस्टनचे वकील सबीन विलेट आणि त्यांचे सहकारी यांनी एक पैसा न घेता हेच केले. शिनजियांगमधील दहा लाखांहून अधिक माणसे चीनने स्थानबद्धतेच्या छावण्यांत घातल्याचे अंदाज २०१८ पासून जगापुढे आहेत, आणि त्या आकड्याने जगाचे लक्ष वेधले हेही खरे. परंतु आकड्याला भेटीची परवानगी मिळत नाही, औषध मिळत नाही, आणि त्याच्या नावाने न्यायालयात अर्जही करता येत नाही. म्हणून या कार्यात उतरणाऱ्याने एका माणसाची मिसल, म्हणजे त्याच्या प्रकरणाचे सारे कागद, हाती घ्यावी आणि ती शेवटपर्यंत सोडू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

मात्र मिसल उघडण्याआधी त्या माणसाच्या कुटुंबाची संमती घेणे हे पहिले कर्तव्य होय, आणि या विषयातील सर्वांत कठीण निर्णयही हाच. वॉशिंग्टनमधील एका उइगुर कार्यकर्तीने २०१८ च्या सप्टेंबरमध्ये छावण्यांविरुद्ध जाहीर भाषण केले आणि पुढच्या काही दिवसांतच शिनजियांगमध्ये राहणारी, राजकारणाशी कसलाही संबंध नसलेली तिची निवृत्त डॉक्टर बहीण नाहीशी झाली. तिला वीस वर्षांची शिक्षा झाल्याचे कुटुंबाला कळले ते २०२० च्या अखेरीस. परदेशातील आप्तांनी तोंड उघडले म्हणून मागे राहिलेल्यांना भोगावे लागल्याची उदाहरणे अनेक आहेत. उलट, वर्षानुवर्षे मौन पाळूनही ज्यांच्या पदरी काहीच पडले नाही अशीही कुटुंबे आहेत. बोलावे की गप्प राहावे याचा निवाडा बाहेरच्या माणसाने करू नये. त्याने दोन्ही बाजूंचे धोके प्रामाणिकपणे मांडावेत, उत्तरासाठी घाई करू नये, आणि कुटुंबातच मतभेद असतील, म्हणजे मुलगी बोलू इच्छिते आणि भाऊ नको म्हणतो अशी स्थिती असेल, तर सर्वांत जवळच्या आप्ताच्या शब्दास मान द्यावा. दिलेली संमती काढून घेण्याचा हक्क कुटुंबास सदैव आहे, हेही पहिल्याच भेटीत सांगून ठेवावे. ज्याची हकिगत आधीच जगजाहीर आहे अशा बंद्यापासून नवख्याने आरंभ करणे अधिक शहाणपणाचे ठरेल.

आता प्रत्यक्ष मिसलीविषयी. पहिल्या पानावर बंद्याचे नाव असावे, आणि ते तीन प्रकारे लिहिलेले असावे : उइगुर लोक आपली भाषा ज्या अरबी वळणाच्या लिपीत लिहितात तीत, रोमन लिपीत, आणि चिनी सरकारी कागदांवर ते ज्या चिनी अक्षरांत उतरते त्या अक्षरांत, कारण चिनी अक्षरांत उतरलेले उइगुर नाव इतके बदलते की एकाच माणसाची दोन नावे दोन निरनिराळ्या माणसांची वाटावीत, आणि ज्या अधिकाऱ्याला उत्तर टाळायचे आहे त्याला ‘अशा नावाची व्यक्ती आढळत नाही’ असे म्हणायला तेवढे निमित्त पुरते. उइगुरांत आडनावाची रूढी नाही. नावापुढे बहुधा वडिलांचे नाव येते, तेव्हा पितृनाम चुकले तर सगळेच चुकले असे समजावे. पुढे जन्मतारीख, चिनी ओळखपत्राचा अठरा अंकी क्रमांक, मूळ गाव, जिल्हा, व्यवसाय, शेवटचा संपर्क कोणत्या तारखेस व कोणत्या मार्गाने झाला, अटक कोणी पाहिली, आरोप कोणता, न्यायालय कोणते, शिक्षा किती आणि सध्याचा तुरुंग कोणता, या बाबी तारीखवार लिहाव्यात. यांतील प्रत्येक विधानासमोर ते कोणाकडून आले हे नमूद करावे, आणि डोळ्यांनी पाहिलेले, दुसऱ्याकडून ऐकलेले आणि स्वतः तर्काने काढलेले यांची सरमिसळ कदापि होऊ देऊ नये. पारपत्राची नक्कल, पदवीचे प्रमाणपत्र, छायाचित्रे, जुनी पत्रे, सरकारी नोटीस हाती आली असल्यास तिची प्रत, हे सर्व दोन निरनिराळ्या ठिकाणी जपावे. आणि ज्यांनी आतून बातमी पोहोचविली त्यांची नावे मात्र या मिसलीत असू नयेत, ती कोठेच लिहिलेली नसावीत. २०१८ साली जीन बुनिन यांनी सुरू केलेल्या शिनजियांग पीडितांच्या नोंदसंग्रहात अशा हजारो व्यक्तींची टिपणे एकत्र झाली आहेत. नव्याने काम करणाऱ्याने ती टिपणे कशी लिहिली आहेत हे शांतपणे वाचून पाहावे, कारण नोंद कशी करावी याचा तो उत्तम वस्तुपाठ आहे.

चिनी अधिकाऱ्यांना प्रश्न कसा विचारावा यालाही महत्त्व आहे. ‘माझा भाऊ छावणीत आहे काय?’ या प्रश्नाला आज एकच उत्तर मिळेल. कारण सरकार ज्यांना प्रशिक्षण केंद्रे म्हणते त्या छावण्यांतील सर्व ‘विद्यार्थी’ अभ्यास पुरा करून बाहेर पडले, असे शिनजियांगच्या प्रशासनाने २०१९ च्या डिसेंबरमध्ये जाहीर करून तो विषय आपल्या बाजूने संपविला. तथापि त्याच काळात मोठ्या संख्येने माणसे रीतसर खटल्यांच्या मार्गाने दीर्घ मुदतीच्या तुरुंगवासात गेली. देशाच्या लोकसंख्येत दीड टक्का वाटा असलेल्या या प्रांतात २०१७ साली चीनमधील एकूण फौजदारी अटकांपैकी सुमारे २१ टक्के अटका झाल्या, हे सरकारी आकड्यांवरूनच निघते. म्हणून प्रश्न नेमका हवा : कोणत्या कलमाखाली, कोणत्या न्यायालयाने, कोणत्या तारखेस शिक्षा दिली, निकालपत्राची प्रत कुटुंबास का मिळाली नाही, अपिलाचे काय झाले, तुरुंग कोणता आणि मुदत कधी संपते. लोककथा आणि लोकश्रद्धा यांच्या थोर अभ्यासिका राहिले दावुत २०१७ च्या डिसेंबरमध्ये बेपत्ता झाल्या; त्यांना जन्मठेप झाल्याची खातरजमा २०२३ च्या सप्टेंबरमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या दुई हुआ या संस्थेने केली. चिनी अधिकाऱ्यांकडे नावानिशी, सभ्य भाषेत आणि वारंवार विचारणा करणे हीच त्या संस्थेची अनेक वर्षांची रीत आहे. जवळजवळ सहा वर्षांनी मिळालेले ते उत्तर दारुण होते, तरी मुलीला आपली आई कोठे आहे हे ठाऊकच नसण्यापेक्षा ते बरे, असे मला मनापासून वाटते.

अचूकपणाचा आग्रह मी इतका धरतो तो एका प्रसंगामुळे. दुतार हे वाद्य वाजविणारे नामांकित गायक अब्दुरेहिम हेयीत हे तुरुंगात मरण पावले असे २०१९ च्या फेब्रुवारीत तुर्कस्तानच्या परराष्ट्र खात्याने जाहीर केले आणि दुसऱ्याच दिवशी चीनने ते जिवंत असल्याची चित्रफीत प्रसृत केली. एका चुकीच्या बातमीमुळे शंभर खऱ्या बातम्यांवर अविश्वास दाखविण्याची संधी प्रतिपक्षास मिळाली. परंतु त्याच प्रसंगातून उइगुर समाजाने जे काढले ते विलक्षण आहे : एका बंद्याची चित्रफीत दाखविता येते तर माझ्या वडिलांची, माझ्या बहिणीची का नाही, असा सवाल जगभरच्या उइगुरांनी आप्तांची छायाचित्रे हातात धरून एकाच वेळी केला. त्याआधी कझाकस्तानात आताजुर्त या संस्थेने हाच मार्ग अधिक साधेपणाने चोखाळला होता. शिनजियांगच्या छावण्यांत कोंडलेल्या कझाकांचे खेड्यापाड्यांतून आलेले नातेवाईक अल्माटी येथील कार्यालयात कॅमेऱ्यापुढे बसत, आपले नाव सांगत, बंद्याचा फोटो दाखवीत, त्याचा ओळख क्रमांक वाचीत आणि आपले त्याच्याशी नाते काय ते सांगून एवढीच मागणी करीत की आमचा माणूस परत द्या. भाषण नाही, घोषणा नाही. अशा हजारो साक्षी जमल्यानंतर अनेक कझाक बंद्यांना छावण्यांतून सोडून सीमेपार जाऊ देण्यात आले. संस्थेचे प्रमुख सेरिकजान बिलाश यांना मात्र २०१९ च्या मार्चमध्ये त्यांच्याच देशात अटक झाली. साक्ष नोंदविताना हा नमुना डोळ्यांपुढे ठेवावा : दोन-तीन मिनिटे, एक माणूस, एक मागणी.

दाद कोठे मागावी, याचे उत्तर चीनच्या बाबतीत मर्यादित आहे. नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारावर चीनने १९९८ साली सही केली, पण त्यास मान्यता दिलेली नाही. त्यामुळे त्या करारावर देखरेख करणाऱ्या समितीपुढे वैयक्तिक फिर्याद चालत नाही. जे मार्ग खुले आहेत त्यांत संयुक्त राष्ट्रांचे दोन कार्यगट महत्त्वाचे होत. मनमानी स्थानबद्धतेविषयीच्या कार्यगटाकडे ठराविक प्रश्नावली भरून कोणीही आप्त किंवा संस्था अर्ज करू शकते. त्या देशातील सर्व न्यायालयीन उपाय संपलेले असावेत अशी अट येथे नाही, सरकारला उत्तरासाठी साठ दिवसांची मुदत मिळते, आणि शेवटी कार्यगट आपले मत प्रसिद्ध करतो. माणूस कोठे आहे हेच कळत नसेल तर सक्तीने बेपत्ता केलेल्यांविषयीच्या कार्यगटाकडे जावे. घटना तीन महिन्यांच्या आतली असल्यास तेथे तातडीची कार्यवाही होते, आणि अर्जदार नातेवाईक नसेल तर कुटुंबाची संमती लागते. अशा मतांमुळे चीनवर बंधन पडत नाही हे खरे. बीजिंगमधील अर्थशास्त्राचे प्राध्यापक इल्हाम तोहती यांची स्थानबद्धता मनमानी आहे असे यांतील पहिल्या कार्यगटाने २०१४ साली म्हटले, तरी त्याच वर्षी २३ सप्टेंबरला त्यांना फुटीरतेच्या आरोपाखाली जन्मठेप झालीच. पण ते मत पुढच्या प्रत्येक अर्जाचा पाया ठरले. २०१९ साली युरोपीय संसदेचा साखारोव पुरस्कार त्यांच्या वतीने त्यांच्या कन्येने स्वीकारला. हान चिनी आणि उइगुर यांनी एकमेकांशी बोलावे एवढ्यासाठीच ज्याने आयुष्य वेचले त्या माणसाला फुटीर ठरविण्यात आले, ही गोष्ट त्यांच्यासाठीच्या पत्राचा मसुदा करताना अवश्य लिहावी. आणि चिनी माणसाविषयी द्वेषाचा एक शब्दही त्या पत्रात येऊ देऊ नये. सीमेवरील तंट्यामुळे आपल्याकडे चीनविषयी जो क्षोभ आहे तो या कार्यात मिसळणे म्हणजे, परकीय शक्तींचे हस्तक असल्याचा जो आरोप बंद्यावर आहे, त्याला आपणच पुष्टी देणे होय.

बाकी पत्रलेखनाविषयी विशेष सांगावे असे नाही. पत्र एका पानाचे असावे, भाषा आदराची असावी, मागणी एकच असावी, आणि ते दिल्लीतील चिनी वकिलातीस किंवा मुंबईतील वाणिज्य दूतावासास स्पीड पोस्टाने पाठवून पोचपावती मिसलीस जोडावी. उत्तर येणार नाही असे धरूनच चालावे. सुटका पुष्कळदा राजनैतिक भेटींच्या तोंडावर होते : आठ वर्षांची शिक्षा भोगत असलेल्या उइगुर नेत्या रेबिया कादिर यांना २००५ च्या मार्चमध्ये, अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्री बीजिंगला पोहोचण्याच्या सुमारास, मुदतीआधी सोडण्यात आले. त्या घडीस ज्यांच्या नावाची मिसल तयार आणि ताजी असते त्यांचेच नाव सुटकेच्या मागणीच्या यादीत जाते. भारत सरकारने ६ ऑक्टोबर २०२२ रोजी जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेत शिनजियांगवर चर्चा व्हावी की नाही या मतदानात तटस्थ राहणे पसंत केले, पण दुसऱ्याच दिवशी परराष्ट्र मंत्रालयाने शिनजियांगच्या लोकांच्या मानवी हक्कांचा आदर झाला पाहिजे असे जाहीरपणे सांगितले. आपल्या खासदारास लिहिताना सरकारचे हेच म्हणणे समोर ठेवावे आणि अमुक एका नावाविषयी चीनकडे विचारणा झाली काय, असा प्रश्न संसदेत विचारण्याची विनंती करावी. राहिले दावुत यांच्यासाठी तर महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या लोकसाहित्य विभागांनी पुढे यायला हवे. पीरांच्या कबरींच्या यात्रा, तेथील नवस, गाणी आणि दंतकथा गावोगाव फिरून त्यांनी टिपल्या, रा. चिं. ढेरे यांनी दैवतांचा आणि यात्रांचा शोध ज्या मातीत घेतला तेथील अभ्यासकांना या कामाचे मोल कोणी समजावून सांगावे लागू नये.

तिसऱ्या देशात अडकलेल्यांच्या बाबतीत वेळ हीच सर्वांत मोठी बाब आहे. तुर्कस्तानात राहणाऱ्या एका उइगुर संगणक अभियंत्याला २०२१ च्या जुलैत कॅसाब्लांका विमानतळावर इंटरपोलच्या नोटिशीवरून अटक झाली. महिनाभरात इंटरपोलने ती नोटीस रद्द केली, तरी मोरोक्कोच्या न्यायालयाने त्याला चीनकडे सोपविण्यास मंजुरी दिली. पत्नीने आणि वकिलांनी संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी समितीकडे धाव घेतली, समितीने हस्तांतर थांबविण्यास सांगितले, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत तो मोकळा झाला. त्याच महिन्याच्या २७ तारखेस थायलंडने दहा वर्षांहून अधिक काळ कोठडीत ठेवलेल्या चाळीस उइगुरांना पहाटेच्या अंधारात चीनला पाठवून दिले. त्यांना आश्रय देण्याची अमेरिकेची तयारी होती, हे लोकांना कळले ते विमान निघून गेल्यावर. आश्रयाची तयारी एखाद्या देशाने दाखविली असेल तर ती वेळेवर, लेखी आणि शक्य तितकी जाहीर असावी, असा बोध मी यातून घेतो.

या कार्यासाठी परदेशातून पैसा घेण्याच्या फंदात मात्र भारतीय वाचकाने पडू नये. परकीय देणगी नियमन कायद्याखाली परवानगीवाचून असा निधी स्वीकारणे गुन्हा आहे, आणि पत्रे लिहिण्यास निधी लागत नाही.

शेवटी आपल्या घरच्या प्रकरणाकडे वळतो, कारण ते सर्वांत कमी लोकांना ठाऊक आहे आणि तेथेच आपल्या हातात सर्वाधिक सामर्थ्य आहे. २०१३ च्या जूनमध्ये पर्वत ओलांडून लडाखमध्ये आलेल्या तीन तरुण उइगुर भावांना भारतीय सैन्याने ताब्यात घेतले. बेकायदा प्रवेशाबद्दल त्यांना दीड वर्षाची शिक्षा झाली. ती भोगून झाल्यावर जम्मू-काश्मीरच्या सार्वजनिक सुरक्षा कायद्याखाली त्यांच्या स्थानबद्धतेचे हुकूम एकामागून एक निघत राहिले, पुढे त्यांना हरियाणातील कर्नालच्या तुरुंगात हलविण्यात आले, आणि दहा वर्षे उलटल्यावरही त्यांची सुटका झालेली नव्हती. संविधानाच्या एकविसाव्या अनुच्छेदाचे संरक्षण परकीयांसही आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली चकमा निर्वासितांच्या प्रकरणात सांगून ठेवले आहे. तेव्हा ज्या वाचकांना वकिली येते त्यांनी त्या तिघांच्या वकिलांना देहोपस्थितीच्या (हेबियस कॉर्पस) अर्जासाठी आणि प्रत्येक नव्या हुकुमास वेळीच आव्हान देण्यासाठी साहाय्य द्यावे. इतरांनी राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाकडे तक्रार करावी आणि या तिघांना चीनकडे न सोपविता तिसऱ्या देशात जाऊ द्यावे, अशी गृहमंत्रालयाकडे मागणी करावी. माहितीच्या अधिकाराचा अर्ज परकीय बंद्यास करता येत नाही. तो भारतीय नागरिकालाच करता येतो. म्हणून आपणच विचारावे : ते तिघे आज कोठे आहेत, कोणत्या हुकुमाखाली आहेत, आणि त्या हुकुमाची मुदत कधी संपते. सुरक्षेचे कारण देऊन उत्तर नाकारले तर तीस दिवसांच्या आत पहिले अपील करावे. केंद्रीय गृहमंत्रालयाकडे असा अर्ज करण्यास दहा रुपये शुल्क पडते, आणि व्यक्तीच्या जीविताशी किंवा स्वातंत्र्याशी संबंधित माहिती अठ्ठेचाळीस तासांत दिली पाहिजे असे त्या कायद्याच्या सातव्या कलमात लिहिलेले आहे.